तळे राखील तो पाणी चाखील

(मंदिराच्या जीर्णोद्धार समारंभात झालेले व्याख्यान)



देवळाचा नवा कळस पाहून आज साऱ्या गावाचे मन भरून आले आहे, आणि ते योग्यच आहे. कोणी घामाचे पैसे दिले, कोणी बैलगाडीने दगड वाहिला, कोणी नुसतेच चार दिवस हात लावले. या सर्वांची नावे या स्मरणिकेत छापली जातील, शिळेवर कोरली जातील. परंतु देवळाच्या पायरीवरून खाली पाहिले की तळे दिसते. त्या तळ्याविषयी गावात सध्या एक बोलणे चालू आहे. देवळाचे काम झाले, आता काठावर बाग करावी, चार होड्या सोडाव्यात, सहलीला येणाऱ्या लोकांपासून गावाला चार पैसे मिळावेत, असे तरुण मंडळी म्हणतात. याच तळ्याच्या काठच्या विहिरीतून गावाला नळाने पाणी येते, तेव्हा हा खेळ नको, असे वडीलधारे म्हणतात. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे. अशा वेळी ज्यांनी हा प्रपंच पूर्वी करून पाहिला, त्यांच्याकडे पाहावे, हा शहाणपणाचा मार्ग होय. म्हणून आजचा विषय आहे महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाचा.

महाबळेश्वर म्हटले की भाविकांना प्रथम आठवते ते क्षेत्र महाबळेश्वर. तेथील पंचगंगा मंदिरात गोमुखातून पडणारी धार पाहून माणूस हात जोडतो. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम तेथे मानतात. यांपैकी सावित्री पश्चिमेला कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळते. वेण्णा आणि कोयना मात्र कृष्णेला मिळून पूर्वेच्या समुद्राकडे जातात. एकाच डोंगरमाथ्यावर पडलेल्या पावसाच्या दोन थेंबांची गाठ पुन्हा पडू नये, अशी ही जागा आहे. आपल्या पूर्वजांनी पाण्याच्या उगमावर देऊळ बांधले, ते उगाच नव्हे. जेथे देव बसविला तेथे माणूस घाण करीत नाही, हे त्यांना ठाऊक होते. पाणी राखण्याचा तो सर्वांत स्वस्त कायदा होता.

त्या पाच नद्यांपैकी वेण्णेच्या पाण्यावर हा तलाव आहे. इतिहास थोडक्यात असा. १८२९ साली साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांनी महाबळेश्वरची जागा इंग्रजांना दिली आणि तिच्या बदल्यात वाईकडील खंडाळा हे गाव घेतले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या नावाने तेथे माल्कमपेठ वसली. पुढे १८३९ साली प्रतापसिंह महाराजांना गादीवरून दूर करण्यात आले आणि त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ अप्पासाहेब महाराज गादीवर आले. त्यांच्याच कारकिर्दीत, १८४२ साली, वेण्णेचे पाणी अडवून हा तलाव तयार झाला. १८४८ साली अप्पासाहेब महाराज वारले आणि १८४९ साली साताऱ्याचे राज्य खालसा झाले. राज्य गेले, गादी गेली, माल्कमसाहेबाची पेठही नावापुरती उरली. तळे मात्र राहिले. बांधणाऱ्याच्या मागे पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ ते लोकांच्या उपयोगी पडत आहे. दानधर्माचा विचार करणाऱ्यांनी ही गोष्ट मनात ठेवावी.

आज या तलावाची दोन कामे आहेत. पहिले काम प्यायच्या पाण्याचे. महाबळेश्वर आणि पांचगणी या दोन्ही गिरिस्थानांच्या नळांना येथून पाणी जाते. दुसरे काम करमणुकीचे. पांचगणीकडून महाबळेश्वरला जाताना बाजारपेठेच्या अलीकडे रस्त्याला लागूनच हे तळे आहे. वल्ह्यांच्या आणि पायाने चालवायच्या होड्या, काठावर घोड्यांची रपेट, भाजलेली कणसे, स्ट्रॉबेरी आणि मलई, पोरांचे पाळणे, असा तो सगळा थाट असतो. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत पहाटे धक्क्याच्या फळ्यांवर आणि होड्यांवर दव गोठून पांढरे हिमकण पडतात, ते पाहायला लोक अंधारात उठून येतात. रात्री आकाश निरभ्र असले की जमीन लवकर निवते आणि जड झालेली गार हवा उतारावरून घसरून तळ्याच्या खोलगट जागी साठते. म्हणून गावात नसेल एवढी थंडी तळ्याकाठी असते.

या करमणुकीवर किती घरांच्या चुली पेटतात, हे विसरून चालणार नाही. होडीवाला, घोडेवाला, कणीसवाली, फोटो काढणारा, खोल्या भाड्याने देणारा, या सर्वांचा हंगाम तळ्याच्या काठावर उभा आहे. तेव्हा सहलीचे पाणी म्हणजे चैनीचे पाणी, असे कोणी समजू नये. गरिबाची भाकरी त्यातही आहे.

आता प्रश्न असा की एकाच तळ्याने दोन घरचा पाहुणा व्हावे कसे? यासाठी थोडा हिशेब मांडू या. हिशेब कोरडा असतो, पण पाण्याच्या बाबतीत तोच ओला करतो.

तलावाचे क्षेत्र सुमारे २८ एकर सांगतात. म्हणजे सुमारे १ लाख १३ हजार चौरस मीटर. यावर एक सेंटीमीटर पाणी म्हणजे जवळजवळ सव्वाअकरा लाख लिटर, आणि एक मीटर पाणी म्हणजे सव्वाअकरा कोटी लिटर झाले. २०११ च्या जनगणनेत महाबळेश्वर आणि पांचगणी या दोन गावांची वस्ती मिळून अठ्ठावीस हजारांच्या घरात होती. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी लागते, असे पाणीपुरवठ्याचे सरकारी माप आहे. त्या मापाने दिवसाला सुमारे अडतीस लाख लिटर लागतील. म्हणजे तळ्याची एक मीटर खोली ही दोन्ही गावांच्या साधारण एका महिन्याच्या पाण्याएवढी झाली. त्यातही काठ उतरते असतात; पाणी खाली जाईल तसतसे क्षेत्र आखडते, म्हणून शेवटचे मीटर पहिल्या मीटरएवढे भरत नाही. उन्हाने उडून जाणारे पाणी आणि हॉटेलांत उतरणाऱ्या पाहुण्यांचे पाणी यात अजून धरलेलेच नाही. आणि पाहुणे नेमके एप्रिल-मे महिन्यांत येतात, जेव्हा तळे सर्वांत खाली गेलेले असते.

आता दुसरी बाजू. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे पाणी वाहून न जाता साचून राहिले तर तीन पुरुष एकावर एक उभे राहिले तरी बुडतील. नुसत्या तळ्याच्या पृष्ठावर पडणाऱ्या पावसाचा हिशेब केला तरी तो बासष्ट कोटी लिटर, म्हणजे दोन्ही गावांचे साडेपाच महिन्यांचे पाणी होते. भोवतालच्या उतारावरून येते ते वेगळेच. असे असूनही उन्हाळ्यात तळ्याचे काठ उघडे पडतात आणि पाणी जपून वापरण्याच्या सूचना निघतात. हे कोडे कसे सुटावे?

ते असे सुटते. पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. वर जांभा दगड आहे. तो सच्छिद्र असल्याने पाणी पितो खरा, पण पोट भरले की ओकू लागतो. आणि खाली घट्ट काळा पाषाण असल्याने ते पाणी झऱ्यांच्या वाटेने कड्यांवरून निघून जाते. तळे भरले की सांडव्यावरून वेण्णा पुढे धावते आणि लिंगमळ्याच्या धबधब्यावरून दरीत उडी घेते. तो धबधबा पाहून लोक आनंदाने टाळ्या पिटतात. पण ते चैत्र-वैशाखाचे पाणी श्रावणात निघून चाललेले असते. तात्पर्य, पाऊस किती पडला याला महत्त्व नाही. भांडे केवढे आहे याला महत्त्व आहे. आडात नाही ते पोहऱ्यात येणार कोठून?

आणि ते भांडे दिवसेंदिवस लहान होत असते. याचे कारण गाळ. डोंगरउतारावर झाडी असली की पाऊस पानांवर पडतो, तेथून गवतावर उतरतो आणि माती जागची हलत नाही. उतार उघडा झाला, रस्ता कापला, इमारतीसाठी मुरूम उकरला, की पहिल्याच झडीत ती माती लाल पाण्याबरोबर तळ्यात येते आणि तळाशी बसते. वरून तळे तेवढेच दिसते, होडीही तशीच चालते. पण तळाशी सर्वत्र एक फूट गाळ बसला तर मघाच्याच हिशेबाने दोन्ही गावांचे नऊ दिवसांचे पाणी गेले. होडीवाल्याला दोन हात पाणी पुरते. नळवाल्याला ते पुरत नाही. म्हणून गाळाचे दुखणे सहलीला आलेल्या माणसाला कधीच कळत नाही. ते कळते वैशाखात, रिकामा हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईला.

दुसरे दुखणे घाणीचे. तळ्यात जे येते ते कोठून येते? काठावर घोडे फिरतात. त्यांची लीद पहिल्या पावसाने आत जाते. खाद्यपदार्थांच्या गाड्यांचे खरकटे, धुण्याचा साबण, मुक्कामाच्या जागांचे सांडपाणी, भोवतालच्या मळ्यांतील खत आणि फवारणीची औषधे, या सर्वांचा उतार तळ्याकडेच असतो. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही अभिमानाची गोष्ट आहे. त्या पिकाने अनेक घरे वर काढली. परंतु जे खत मुळाशी जिरत नाही ते पाण्यात जिरते. खताने जसे पीक फोफावते तसेच शेवाळही फोफावते. शेवाळ कुजले की पाण्यातील प्राणवायू संपतो, मासे मरतात, पाण्याला वास येतो. मग शुद्धीकरणाच्या ठिकाणी तुरटी अधिक लागते, क्लोरीन अधिक लागते, गाळणीच्या वाळूचे थर पुन्हा पुन्हा धुवावे लागतात. तो खर्च शेवटी पाणीपट्टीतून, म्हणजे गावकऱ्याच्याच खिशातून जातो. आणि यंत्रणेत एक दिवस जरी ढिलाई झाली तर कावीळ, विषमज्वर आणि हगवण दारात उभी राहतात. पाहुणा आपल्या गावी परतलेला असतो. अंथरूण धरतो तो गावकरी.

हे ध्यानात घेऊन काही उपाय झालेले आहेत, त्यांचीही नोंद घेतली पाहिजे. केंद्र सरकारने १७ जानेवारी २००१ रोजी महाबळेश्वर-पांचगणी हा सारा परिसर पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर केला. झाडतोड, खाणी, बांधकाम यांवर त्याने मर्यादा आली. काही लोकांना हा काच वाटतो. घर दुरुस्त करायचे तर किती कागद, अशी त्यांची तक्रार असते आणि ती पुष्कळदा खरीही असते. पण वरच्या अंगाची झाडी राहिली तरच खालचे तळे राहील, हे तत्त्व त्यामागे आहे आणि ते खोटे म्हणता येत नाही.

तळ्याचे दोन्ही धर्म सांभाळले नाहीत तर काय होते, याचेही उदाहरण दूर नाही. मुंबईतील पवईचा तलाव १८९० च्या सुमारास शहराला पिण्याचे पाणी मिळावे म्हणूनच बांधला गेला. पुढे त्याचे पाणी पिण्यायोग्य राहिले नाही. आज लोक तेथे काठावर फिरतात, संध्याकाळची हवा खातात, आणि प्यायला पाणी मात्र शहराने दूरदूरच्या धरणांतून आणले आहे. मुंबईला ते परवडले. एखाद्या लहान गावाचे एकुलते एक तळे असे नासले तर त्याने कोठे जावे? माथेरानचेच पाहा. तेथे शार्लोट तलाव हा त्या डोंगरावरच्या वस्तीचा वर्षानुवर्षांचा आधार. पाहुणे त्याच्या काठावर विसावतात आणि काठीच पिसारनाथाचे देऊळ आहे. देऊळ, तळे आणि सहल ही तिन्ही जेथे एकत्र नांदतात, तेथे तिघांनीही एकमेकांची मर्यादा पाळावी लागते.

सोलापूरकरांना तर हे सांगावयास नको. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी तेथे लोकांच्या श्रमातून तलाव खोदविला, आणि आज सिद्धेश्वराचे मंदिर त्या पाण्यानेच वेढलेले आहे. कुदळ मारणे हीसुद्धा पूजा होय, हे त्या सत्पुरुषाने आठशे वर्षांपूर्वी करून दाखविले.

आता या गावच्या प्रश्नाकडे वळू या. होड्या सोडाव्यात की सोडू नयेत? वेण्णेच्या तळ्यावरून असे दिसते की होडी हा मूळ दोष नव्हे. वल्ह्याची किंवा पायाची होडी पाण्याचे फारसे काही बिघडवीत नाही. बिघडवते ते होडीच्या मागोमाग काठावर येते ते. म्हणून क्रम ठरला पाहिजे. प्रथम तहान, मग करमणूक. हा क्रम पाळला तर दोन्ही गोष्टी होतात. तो उलटा केला तर शेवटी दोन्ही जातात, कारण घाण वास मारणाऱ्या तळ्यावर सहलीलाही कोणी येत नाही.

क्रम पाळायचा म्हणजे काय करायचे, तेही स्पष्ट असलेले बरे. तळ्याचा गाळ उन्हाळ्यात निघाला पाहिजे. तो फेकायचा नसतो, शेतात पसरायचा असतो. २०१७ सालापासून राज्य सरकारची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजनाही याच विचाराने निघाली आहे. तळ्याच्या वरच्या अंगाला नांगर न लावता गवत आणि झाडी राखली पाहिजे. विहिरीच्या बाजूचा काठ कुंपण घालून बंद ठेवावा. धुणे, गुरे आणि वाहने धुणे यांसाठी खालच्या अंगाला वेगळी जागा आणि वेगळी टाकी असावी. निर्माल्य तळ्यात न टाकता त्यासाठी देवळामागे खड्डा करावा; देवाच्या अंगावरचे फूल मातीत गेले तर मातीचे खत होते, पाण्यात गेले तर पाण्याची घाण होते. खाद्यपदार्थांची दुकाने हवी असतील तर ती काठावर नकोत, रस्त्याच्या पलीकडे असावीत. इंजिनाची होडी तर कधीच नको. आणि तळ्याच्या भिंतीवर मापाची एक पट्टी रंगवून तिच्यावर एक लाल रेघ ओढावी. पाणी त्या रेघेखाली गेले की होड्या काठावर ओढून ठेवायच्या, मग भर हंगाम असो की जत्रा असो. ती रेघ पंचांनी ठरवावी, सगळ्या गावाने पाळावी.

यात एक अडचण आहे, ती लपवून ठेवण्यात अर्थ नाही. होडीचा पैसा ज्याच्या हातात येईल आणि नळ ज्याच्या घरी कोरडा राहील, ते दोघे एक नसतात. लाल रेघेखाली पाणी गेले तरी 'आणखी आठच दिवस' म्हणणारा कोणीतरी निघतोच, आणि त्याच्याही घरी पोरे असतात. म्हणून होड्यांच्या उत्पन्नातील ठरीव वाटा आधी तळ्यासाठी बाजूला काढावा आणि त्याचा हिशेब दरवर्षी, जत्रेच्या हिशेबाबरोबरच, देवळात सर्वांसमोर वाचून दाखवावा. होडीवाल्याला बंद काळात गाळाच्या कामावर पहिला हक्क असावा. असे झाले तर त्याचे पोट आणि गावची तहान एका बाजूला येतील. नाही तर भांडण पाण्याचे राहणार नाही, भावकीचे होईल.

'तळे राखील तो पाणी चाखील' अशी म्हण आहे. लोक ती हसून वापरतात. ज्याच्या हाती कारभार, तो थोडे आपल्या पदरात पाडून घ्यायचाच, असा तिचा अर्थ करतात. परंतु ती सरळ अर्थानेही वाचून पाहावी. जो राखील तोच चाखील. जो राखणार नाही, त्याला चाखायला काही उरणारच नाही.

देवळाच्या जीर्णोद्धाराला ज्यांनी हात दिला, त्यांच्या उदारपणाविषयी दुमत नाही. त्यांतील कित्येकजण परगावी राहतात आणि वर्षातून एकदा जत्रेला येतात. आल्यावर प्रथम तळ्यावर पाय धुतात, मग पायऱ्या चढून दर्शनाला जातात. देवाचे पहिले दर्शन त्या पाण्यातच होते. कळस चढला, आता तळ्याचा जीर्णोद्धार राहिला आहे. त्याला सोन्याचा मुलामा लागत नाही, घडीव दगड लागत नाही. उन्हाळ्यात चार रविवार, शंभर टोपल्या आणि गावाचे एकमत एवढेच लागते. येत्या वैशाखात पाणी तळाला गेले की कुदळ मारायला देवळाच्या पायरीपासून सुरुवात व्हावी, एवढीच ग्रामस्थांच्या आणि देणगीदारांच्या चरणी प्रार्थना.